कड्याच्या पल्याडची लाट

लिस्बनहून उत्तरेला सव्वाशेएक किलोमीटरवर, बसने दोनेक तासांत, नाझारे येतं. गाव दुमजली आहे म्हटलं तरी चालेल. खाली वाळूला खेटून कोळ्यांची पांढरी घरं, वर शंभर मीटरहून उंच कड्यावर सितिओ ही जुनी वस्ती. दोन्हींमध्ये १८८९ पासून दोराने ओढली जाणारी फ्युनिक्युलर गाडी चढ-उतार करते. गंमत अशी, की ज्या लाटांपायी हे गाव जगभर गाजलं, त्या खालच्या किनाऱ्यावरून दिसतच नाहीत. तिथे पोरं खुशाल डुंबत असतात. लाट फुटते कड्याच्या पल्याड, प्राया दो नोर्ते म्हणजे उत्तरेकडच्या पुळणीवर.

सगळी करामत पाण्याखालच्या दरीची. सुमारे २३० किलोमीटर लांब आणि खोल समुद्रात जवळजवळ पाच हजार मीटरपर्यंत उतरणाऱ्या या दरीचं तोंड थेट कड्याच्या पायथ्याशी येऊन थांबतं. अटलांटिकमधल्या वादळाने उठलेले लोट दरीवरून येतात तेव्हा खाली तळ फार खोल असल्यामुळे त्यांचा वेग टिकून राहतो. शेजारच्या उथळ भागावरून येणारे लोट मात्र तळाला घासत मंदावतात. दोघांच्या दिशा वेगळ्या, चाली वेगळ्या. कड्यासमोर त्यांची गाठ पडते आणि एकावर एक चढून पाण्याचा सुळका उभा राहतो. त्यात पुळणीवरून परत फिरणारा प्रवाह भर घालतो.

२०११ साली गॅरेट मॅकनमारा या हवाईच्या सर्फरने इथे ७८ फुटी लाटेवर स्वारी केली आणि नाझारे एकदम वर्तमानपत्रांत झळकलं. पुढे २०२० च्या ऑक्टोबरात जर्मनीच्या सेबास्टियन श्टॉयटनरने ८६ फुटांची, म्हणजे २६ मीटरहून उंच लाट पेलली. गिनीज बुकात तिची नोंद आहे. ब्राझीलच्या माया गाबेरा २०१३ मध्ये इथेच बुडता बुडता वाचल्या, आणि २०२० च्या फेब्रुवारीत त्याच पाण्यात ७३.५ फुटांची लाट घेऊन स्त्रियांमध्ये विक्रम करून गेल्या. मार्सिओ फ्रेरे या ब्राझिलियन सर्फरला मात्र २०२३ च्या जानेवारीत याच पाण्यात मृत्यू आला.

एवढ्या लाटेला हाताने वल्हवत जाऊन गाठणं शक्य नसतं. जेट स्की सर्फरला दोराने ओढत तिच्या वेगापर्यंत नेते आणि सोडून देते. खाली पाण्यात बसलेल्याला पुढची लाट आडवी आली की पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून कड्यावर वॉकी-टॉकी घेतलेला एक जण उभा असतो. क्षितिजाकडे डोळे लावून तो सांगत राहतो: ही सोडा, मागून मोठी येतेय, डावीकडे सरका. गर्दीचे कॅमेरे सर्फरवर असतात. मला विचाराल तर थोडा वेळ या माणसाकडे बघत राहावं.

तो उभा असतो त्या कड्याच्या टोकावर सोळाव्या शतकात बांधायला घेतलेला साओ मिगेल किल्ला आहे, आणि त्याच्यावर लाल दीपगृह. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हरणाच्या डोक्याचा, हातात सर्फबोर्ड घेतलेला पुतळा भेटतो. हरीण आलं ते ११८२ च्या दंतकथेतून. दों फुआश हा सरदार धुक्यात हरणामागे घोडा फेकत निघाला, हरीण कड्यावरून खाली गेलं, आणि मेरी माऊलीचा धावा करताच घोडा ऐन काठावर थबकला. खुराची खूण आजही दाखवतात. जवळच्या इवल्याशा प्रार्थनाघराशेजारी वास्को द गामाचं स्मारक आहे. हिंदुस्थानच्या वाटेला लागण्याआधी तो इथे नवस बोलायला आला होता, अशी समजूत आहे. गोव्याच्या वाचकाला इथे क्षणभर थबकायला होईल.

गावाच्या लेखी लाट म्हणजे पिढ्यान् पिढ्या शत्रूच. १९८० च्या दशकात बंदर होईपर्यंत होड्या पुळणीवरूनच लाटा फोडत आत जायच्या, परत आल्या की एके काळी बैल लावून वर ओढल्या जायच्या, आणि बायका वाळूत बसून वाट बघायच्या. एकावर एक सात परकर नेसायची इथल्या कोळिणींची रीत याच वाट बघण्याशी जोडली जाते: वाऱ्यात काही परकर खांद्याडोक्यावर ओढून घेता यायचे. परकरवाल्या म्हाताऱ्या आजही दिसतात, काही पर्यटकांना खोल्या भाड्याने देताना. पुळणीच्या एका टोकाला मासळीचं वाळवण असतं. कारापाऊ नावाचा मासा, दिसायला आपल्या बांगड्याच्या वळणाचा, मधोमध चिरून, मिठाच्या पाण्यातून काढून लाकडी चौकटीच्या जाळीवर उघडा पसरतात. कोकणातल्या माणसाला वासावरूनच वाट सापडेल.

लाटांचा मोसम ऑक्टोबर ते मार्च, आणि त्यातही रोज काही मोठी लाट नसते. उन्हाळ्यात आलेला माणूस शांत पाणी बघून ‘हेच का ते?’ म्हणतो, त्यात त्याचा दोष नाही. मोठ्या लोटांचा अंदाज काही दिवस आधी लागतो, तेव्हा तारखा बदलता येणाऱ्यानेच लाटेच्या भरवशावर जावं. जाताना वारा अडवणारं जाकीट घ्यावं आणि कड्याच्या कडेला सेल्फीच्या नादी लागू नये. तिथली माती भुसभुशीत आहे. बाकीच्यांनी मासळीच्या भरवशावर जावं, ती बारमाही मिळते.