इंग्रजी शब्दांची मुळे

इंग्रजी शब्द घोकता घोकता आपली मुले हताश होतात आणि पुष्कळदा विज्ञानाचीच धास्ती घेतात. वास्तविक उचगावच्या रस्त्यावर दातांच्या डॉक्टरची पाटी दिसली तरी धडा सुरू करता येतो. ‘डेंटिस्ट’मधील लॅटिन ‘डेन्स’ हा आपल्या ‘दन्त’चा भाऊबंद. ‘पेडल’मधला ‘पेड’ म्हणजे ‘पद’, आणि ‘ऑक्टोपस’ म्हणजे ग्रीकांचा ‘अष्टपाद’! संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच कुळातल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास मांडले.

‘टेलि’ म्हणजे दूर, ‘फोन’ म्हणजे ध्वनी, झाला ‘दूरध्वनी’. ‘फोटोग्राफ’ म्हणजे प्रकाशाने केलेले लेखन. आपण मात्र ‘छायाचित्र’ म्हणतो. ग्रीक शब्द उजेडाकडे पाहतो, आपला सावलीकडे. मला आपलाच अधिक रुचतो.

पण येथे घाई नडते. ‘पेडिअ‍ॅट्रिशियन’ची पाटी वाचून एखादे पाय मुरगळलेले आजोबा आत शिरायचे! तेथला ‘पेड’ लॅटिन पाय नव्हे. तो ग्रीक ‘पाइस’, म्हणजे मूल. तेव्हा शब्दाचे घर ग्रीक की लॅटिन, हे आधी कोशात पाहावे आणि मगच त्याची फोड करावी.