चोवीस तासांचा कायदा



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'गुन्हेगारी, पोलीस आणि नागरिकांचे हक्क' असा छापला आहे. एवढा विषय एका संध्याकाळी उरकू पाहणे म्हणजे गावजेवणाला पसाभर तांदूळ घेऊन निघण्यासारखे आहे. म्हणून त्यातला एकच तुकडा मी उचलतो. पोलिसांनी माणसाला धरल्यापासून तो न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभा राहीपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात कायदा काय सांगतो आणि ठाण्यात काय घडते, एवढेच आज सांगणार आहे. मी वकील नाही. संघटनेच्या कामात रात्री-अपरात्री ठाण्याच्या बाकड्यावर बसून आणि मग घरी येऊन कलमे उलगडून पाहून जे समजले, तेवढीच माझी शिदोरी.

आधी आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असलेला प्रश्न घेतो. बाजारातून येणाऱ्या बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र हिसकावून चोर पळाला. तिच्या मानेला जखम झाली, सोने गेले, पुढे सहा महिने ती एकटी घराबाहेर पडली नाही. तिच्या हक्काविषयी कोणी व्याख्यान देत नाही, आणि चोराच्या हक्कांसाठी मात्र घटनेचे कलम निघते, हे कसे? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या चाळीत ज्या बायका असे बोलतात त्यांचा राग खरा आहे. परंतु या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की, धरलेला माणूस चोरच आहे. ते ठरायचे असते कोर्टात, आणि मी ज्या वेळाविषयी बोलतो आहे तो त्याच्या फार अलीकडचा. त्या वेळी कोठडीत चोर असतो, चोराचा शेजारी असतो, चोरासारखा सदरा घातलेला असतो, किंवा फौजदाराला कोणाला तरी दाखवायचे आहे म्हणून उचललेला असतो. बाहेरून हे चौघे सारखेच दिसतात.

चोवीस तासांचा नियम काही स्वराज्याने आणलेला नव्हे. इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी संहितेत 61 व्या कलमात तो होता. इंग्रजांना आपल्या लोकांचा फार कळवळा होता असे नाही. परंतु 1855 साली मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने महसुलाची वसुली आणि पोलीस चौकशी यांत मारहाण कशी चालते हे सरकारी कागदावर आणले, आणि आपल्याच पोलिसांवर किती विश्वास टाकायचा याचा विचार त्या सरकारला करावा लागला. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही हा 1872 च्या पुरावा कायद्यातील 25 व्या कलमाचा नियम त्याच अनुभवातून आला आहे.

स्वराज्यात हा नियम संहितेतून उचलून घटनेत घातला गेला. त्याचे श्रेय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात, म्हणजे आजच्या 21 व्या कलमात, 'कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती' एवढेच शब्द राहिले होते. म्हणजे विधिमंडळ जी पद्धत ठरवील ती चालेल. त्यावर घटना समितीत आणि बाहेरही मोठी टीका झाली. ती उणीव काही अंशी भरून काढावी म्हणून सप्टेंबर 1949 मध्ये बाबासाहेबांनी नवे कलम मांडले, तेच आपले 22 वे कलम. अटकेचे कारण शक्य तितक्या लवकर सांगा, वकिलाचा सल्ला घेऊ द्या, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. संहिता साध्या बहुमताने बदलता येते. घटनेतील कलम तसे बदलता येत नाही. सारी मेख तेथे आहे.

आता ठाण्यात चला.

चोवीस तास कोठून मोजायचे? ठाणे अंमलदार म्हणेल, स्टेशन डायरीत अटक दाखवली तेथून. कायद्याचा अर्थ तसा नाही. माणसाला आपल्या मर्जीने उठून जाता येत नाही, त्या क्षणी त्याची अटक झाली, मग डायरीत काही का लिहिलेले असेना. मुंबई उच्च न्यायालयाने एका कस्टमच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगितले आहे. पण व्यवहारात एक शब्द फार सोयीचा आहे. तो म्हणजे 'चौकशीला बोलावले आहे'. या शब्दाला घड्याळ नसते.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातून तांब्याची तार नाहीशी झाली. कंत्राटी कामगारांपैकी तिघांना शनिवारी संध्याकाळी चौकशीला म्हणून नेले. रविवारी सकाळी मी ठाण्यात गेलो तर सांगितले, येथे असे कोणी नाही. आतून खोकल्याचा आवाज येत होता. त्यातला एक दमेकरी होता, त्याचा खोकला आम्ही सारे ओळखत होतो. अटक दाखवली सोमवारी दुपारी, आणि मंगळवारी सकाळी कोर्टात नेले. कागदोपत्री चोवीस तासांच्या आतच! न्यायदंडाधिकाऱ्याने नियमाप्रमाणे विचारले, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे काय? तिघेही नाही म्हणाले. त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर तेच दोन शिपाई उभे होते, आणि रिमांड मिळाला तर रात्री परत तेथेच जायचे होते. एकाचा तळवा इतका सुजला होता की जामीनपत्रावर सही करताना त्याला पेन धरता येईना. तार पुढे कारखान्याच्याच दुसऱ्या गोदामात सापडली.

अशा प्रकरणांची दाद पुढे कशी लागली ती हकीकत वाचण्यासारखी आहे. 1986 साली पश्चिम बंगालमधील कायदा-साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या वर्तमानपत्री बातम्या जोडून सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. त्या पत्रालाच अर्ज मानून सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी निकाल दिला आणि अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचे टिपण जागेवरच व्हावे, त्यावर तारीख आणि वेळ हवी, नातेवाईक किंवा मोहल्ल्यातील प्रतिष्ठित माणसाची साक्ष हवी, आणि पकडलेल्याची सही हवी. घरच्यांना किंवा मित्राला कळवावे. अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद करून तिची प्रत त्याला द्यावी. दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. बारा तासांत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला खबर जावी. यांपैकी बरेचसे पुढे संहितेतच आले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तिच्या 37 व्या कलमाप्रमाणे तर पकडलेल्यांची नावे आणि पत्ते ठाण्यात ठळकपणे लावले पाहिजेत. आपल्या ठाण्यात तो फलक आहे काय, एकदा जाऊन पाहा.

लोक विचारतात, पोलिसापुढचा कबुलीजबाब चालतच नाही, तर मग मारतात कशाला? याचे उत्तर पुरावा कायद्याच्या जुन्या 27 व्या कलमात आहे; नव्या साक्ष अधिनियमात ते 23 व्या कलमाच्या शेवटी जोडलेले आहे. आरोपीने सांगितले, 'मी अमक्याला भोसकले आणि सुरा विहिरीत टाकला', आणि पंचांसमक्ष विहिरीतून सुरा निघाला, तर 'सुरा विहिरीत टाकला' एवढा तुकडा पुराव्यात येतो, आधीचा येत नाही. तर्काला हे पटते, कारण वस्तू प्रत्यक्ष मिळाली आहे. पण त्याचा ठाण्यातला अर्थ असा होतो की, मुद्देमाल निघाला म्हणजे खटला उभा राहिला. म्हणून सारा जोर त्या निवेदन पंचनाम्यावर येतो. आणि तोंड उघडायचे तर काय करायचे, हे शिपायाला वेगळे शिकवावे लागत नाही. वरून 'माल काढा' एवढा हुकूम पुरतो. पंचही पुष्कळदा ठाण्याच्या ओळखीतलेच. चहावाला किती खटल्यांत पंच झाला आहे हे पाहिले तर गंमत वाटेल, आणि मग वाटणार नाही.

या भिंतीला दारे पाडण्याचे प्रयत्नही झाले. 1987 च्या टाडा कायद्यात पोलीस अधीक्षकापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरला गेला. तो कायदा 1995 साली संपला, परंतु आपल्या राज्याच्या 1999 च्या मोक्का कायद्यात तीच तरतूद आली. संघटित टोळ्यांविरुद्ध साक्षीदार मिळत नाहीत हे कारण खोटे नव्हे. मुंबईने ती वर्षे पाहिली आहेत. तरी मला वाटते, ज्या पोलिसांनी साक्षीदाराला संरक्षण द्यायचे ते न देता आरोपीच्याच तोंडून खटला काढण्याची सवय लागली, की साक्षीदाराकडे कोणी बघत नाही.

नव्या संहितेतील एक बदल मात्र आपण सर्वांनी नीट समजून घ्यावा. पूर्वी पोलीस कोठडी मिळायची ती अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच. 1992 साली सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले होते. त्यानंतर आरोपी तुरुंगात जायचा आणि पोलिसांच्या हातून सुटायचा. आता 187 व्या कलमाने तेच पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत, मागता येतात. दिवस वाढले नाहीत असे सरकार म्हणते, आणि हिशेबाने ते बरोबर आहे. पण तुरुंगात गेलेल्या माणसाला 'पुन्हा आणीन' असे सांगता येणे ही वेगळीच गोष्ट आहे. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे तक्रार करायला तोंड उघडणारा माणूस हा हिशेब मनात धरूनच बोलणार.

उलट बाजूला चांगलेही घडले आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात धरलेच पाहिजे असे नाही, अटक का आवश्यक आहे ते अधिकाऱ्याने लिहावे, नाही तर हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बजावले. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये, वरळीच्या एका मोटार-अपघाताच्या खटल्यातून, त्याच न्यायालयाने ठरवले की अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी, आणि पकडलेल्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. लगेच देणे शक्य नसेल तर निदान रिमांडला नेण्याच्या दोन तास आधी. खटला सुखवस्तू घरच्या मुलाचा होता. त्याच्याविषयी लोकांना प्रेम असण्याचे कारण नाही, मलाही नाही. पण त्या निकालामुळे उद्या झोपडपट्टीतल्या पोराच्या हाती मराठीत लिहिलेला कागद पडणार आहे. हक्कांचे असेच असते. ज्याच्या निमित्ताने मिळाले तो माणूस पुष्कळदा आपल्याला आवडत नाही.

चोवीस तासांच्या बाहेरच्या वाटांविषयी थोडक्यात सांगतो, नाही तर रात्र जाईल. संप लागला की 'चॅप्टर' भरतात, म्हणजे शांतता राखण्याचा मुचलका मागतात. दुसरी वाट तडीपारीची. 1951 च्या पोलीस कायद्याने दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते, आणि साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत हेच तिचे एक कारण असू शकते. तिसरी प्रतिबंधक स्थानबद्धता. तिला 22 व्या कलमाच्या पोटातच जागा ठेवली आहे: चोवीस तासांचा नियम तेथे चालत नाही. घटना अमलात येऊन महिना झाला नाही तोच तसा कायदा झाला, आणि ए. के. गोपालन या कामगार चळवळीतल्याच पुढाऱ्याने 1950 साली सर्वोच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले व ते हरले. पुढे 1971 चा मिसा आणीबाणीत कसा वापरला गेला ते येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्याच्याही आधी, मार्च 1929 मध्ये मुंबईचे डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर यांना उचलून मीरतला नेले; खटल्याचा निकाल लागला जानेवारी 1933 मध्ये. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी कित्येकांना निर्दोष सोडले. त्यांनी भोगलेली चार वर्षे मात्र वसूल झाली नाहीत. आजही देशातल्या तुरुंगांत चारांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत, असे 2022 चे सरकारी आकडे सांगतात.

पोलिसांविषयी बोललो ते शिपायाविरुद्ध समजू नये. तोही पगारावर राबणारा माणूस आहे. गणपतीत, मोर्चात, मंत्र्याच्या दौऱ्यात सलग बारा-चौदा तास उभा राहणारा तोच, आणि 'माल काढा' या हुकमाचा शेवटचा मजूरही तोच. 1966 च्या कायद्याने त्याला परवानगीवाचून संघटना करण्याची बंदी आहे. मुंबईत गिरण्यांचा संप चालू असताना, 18 ऑगस्ट 1982 रोजी, पोलिसांच्या संघटनेच्या पुढाऱ्यांना पकडले. शिपाई रस्त्यावर आले, शहरात दंगल झाली, लष्कर बोलवावे लागले, आणि संघटनेची मान्यता गेली. 2016 साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा आमच्या लोकांना त्याचे जितके कौतुक वाटले तितके कोणाला वाटले नसेल. आठ तासांसाठी आमच्या आजोबा-पणजोबांनी काय केले ते आम्हांला ठाऊक आहे. चौदा तासांनंतर समोर आणलेल्या माणसाशी कोण कसा वागेल, हे ज्याने जोडपाळी केली आहे त्याला विचारा.

शेवटी उपयोगाचे सांगतो. घरातला किंवा शेजारचा कोणी रात्री नेला, तर प्रथम घड्याळ पाहा आणि वेळ कागदावर लिहा. कोणी नेले, किती जण होते, नावाची पट्टी होती काय, हेही लिहा. बाई असेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवाद सोडल्यास, अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते. ठाण्यात एकट्याने जाऊ नका, दोघे-तिघे जा आणि आवाज चढवू नका. वकिलाचे पैसे नसतील तर 15100 हा विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी आहे. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्याची मिळकत कोणी विचारत नाही. न्यायदंडाधिकाऱ्याने तक्रार विचारली की उत्तर वकिलाकरवी द्या, आणि वैद्यकीय तपासणी मागा. 2020 सालच्या निकालाप्रमाणे ठाण्यात चित्रण करणारे कॅमेरे हवेत आणि ते चित्रण निदान वर्षभर जपून ठेवायला हवे. ते राखून ठेवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, कारण नंतर कॅमेरा त्या रात्री बंद होता असे उत्तर येते. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.