चार कोटी अंकांची मूळ संख्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ अशा बातम्या झळकल्या. त्यातून ‘आजवर माहीत असलेली’ हे शब्द गळले की घोटाळा सुरू होतो. सर्वांत मोठी मूळ संख्या नसतेच. मूळ संख्या संपत नाहीत, हे युक्लिडने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलंय. अमेरिकेच्या ल्यूक ड्युरांट यांना सापडली ती संख्या अशी: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. अंक ४,१०,२४,३२०. सेकंदाला एक अंक या वेगाने अखंड वाचत बसलात तर पावणेपाचशे दिवस जातील.

म्हणजे हिच्याहून लहान सगळ्या मूळ संख्या आता ठाऊक झाल्या? छे! याआधीचा विक्रम २०१८ चा, २,४८,६२,०४८ अंकांचा. या दोहोंच्या मधल्या अगणित मूळ संख्यांपैकी जवळजवळ एकही कुणी पाहिलेली नाही.

मग नेमकी हीच कशी हाती लागली? तिच्या घडणीमुळे. २ च्या घातातून १ वजा केला की मर्सेन संख्या मिळते. ती मूळ असायची तर घातांक मूळ असावाच लागतो. पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि तो २३ गुणिले ८९. खुद्द मर्सेनही इथे चकला. मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या त्याच्या १६४४ च्या यादीत ६७ होता. १८७६ मध्ये लुकास या गणितज्ञाने २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नसल्याचं दाखवलं, तेही एकही अवयव न शोधता! अवयव १९०३ मध्ये कोल या गणितज्ञाने दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

संगणक एकेक भाजक लावून पाहतो, हा समजही चुकीचा. तसं करायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. मर्सेन संख्यांसाठी लुकास-लेमर चाचणी आहे. ३१ वर करून पाहा. तो २ चा ५ वा घात वजा १. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा: १४. पुन्हा तेच: १९४, बाकी ८. पुन्हा: ६२, बाकी शून्य. घातांकाहून दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. नव्या संख्येला अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या. डब्लिनमधल्या ग्राफिक्स चिपने आधी ‘बहुधा मूळ’ असा कौल दिला. सॅन अँटोनिओतल्या चिपने या चाचणीने तो पक्का केला.

हिच्यामुळे बँकेचे व्यवहार अधिक सुरक्षित होतील, असंही कुणी सांगेल. पण अशा व्यवहारांच्या आरएसए कूटलेखनात वापरतात त्या मूळ संख्या साधारण तीनशे अंकी असतात, आणि त्या गुप्त ठेवाव्या लागतात. ही तर जगाला पाठ! कुलपाच्या कामी ती शून्य.

माहीत असलेल्या मर्सेन मूळ संख्यांत ही ५२ वी. अशा संख्या अनंत आहेत का, हे मात्र अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.