विश्लेषण : कळा सुरू झाल्या… रुग्णालयात नेमके कधी निघावे?

नववा महिना लागला आणि मध्यरात्री पोटात कळ आली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आत्ताच निघू. दुसरा म्हणतो, पहिलटकरीण आहे, अजून पुष्कळ वेळ आहे. अडचण अशी, की दोघेही अधूनमधून बरोबर ठरतात. घाईने गेलेल्या अनेकींना ‘पिशवीचे तोंड अजून उघडलेले नाही’ म्हणून परत पाठवले जाते आणि थांबलेल्यांपैकी काहींचे बाळंतपण वाटेतच होते. हा निर्णय अंदाजावर सोडण्याची मात्र गरज नाही.

खऱ्या कळा, खोट्या कळा

शेवटच्या काही आठवड्यांत पोट मधूनच दगडासारखे घट्ट होते आणि सैल पडते. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये त्यांचे वर्णन केले. आपल्याकडे त्यांना सरळ ‘खोट्या कळा’ म्हणतात. नाव तेवढे बरे नाही, कारण त्या दुखतात हे खरेच असते. फरक असा की त्यांना ताल नसतो. एक आली, वीस मिनिटांनी दुसरी, मग सात मिनिटांनी तिसरी आणि पुढे काहीच नाही. कूस बदलली, थोडे चालले, दोन ग्लास पाणी प्यायले की त्या बहुधा ओसरतात.

प्रसूतीच्या कळा अशा बधत नाहीत. अनेकींना त्या कमरेतून सुरू होऊन ओटीपोटाकडे येताना जाणवतात. दोन कळांमधले अंतर कमी होत जाते, प्रत्येक कळ आधीपेक्षा लांबते. एक साधी खूण म्हणजे, कळ भरात असताना बाईला बोलणे पुरे करता येत नाही.

‘पाच-एक-एक’चे गणित

कळा मोजताना एक गफलत हमखास होते. एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचा वेळ धरला जातो. मोजायचे ते एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ साधारण एक मिनिटाची आणि हे सलग एक तास चालले, तर रुग्णालयात जावे, असा पहिल्या बाळंतपणासाठीचा प्रचलित ठोकताळा आहे.

त्यामागचे कारण असे, की सुरुवातीचा टप्पा फार लांबू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रसूतीचा सक्रिय टप्पा गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरला जातो. त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक मुदत नाही. काहींचा तो काही तासांत आटोपतो, काहींना दिवसभर लागतो. तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, ही जुनी अपेक्षाही या सूचनांनी मोडीत काढली. म्हणून पहिले काही तास घरी काढता आले, तर पेज, मऊ भात, ताक, पाणी घेत आणि जमेल तशी डुलकी काढत काढावेत. सिझेरियन ठरलेले असेल, तर खाण्यापिण्याबाबत मात्र डॉक्टरांचेच ऐकावे.

तरीही हा ठोकताळा म्हणजे कायदा नव्हे. दाखल करून घेणे सरसकट लांबवण्याचे धोरण संशोधनाच्या चौकटीबाहेर राबवू नये, असे त्याच सूचनांत म्हटले आहे. दुसरे-तिसरे बाळंतपण बऱ्याचदा झपाट्याने होते. तिथे कळा नियमित झाल्या, की तासभर वाट पाहण्यात अर्थ नाही.

एक इशारा द्यायलाच हवा. कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजणे किंवा ओळखीच्या कुणाकडून ‘कळांचे इंजेक्शन’ टोचून घेणे अजूनही थांबलेले नाही. हे इंजेक्शन देखरेखीविना दिले, तर पिशवी फाटू शकते आणि बाळाचा प्राणवायू तुटू शकतो.

कोणी घड्याळ पाहत बसू नये?

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधीच कळा नियमित येऊ लागल्या, आधीचे सिझेरियन झालेले असेल, जुळी असतील, बाळ पायाळू किंवा आडवे असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर कळा सुरू होताच निघावे.

काही लक्षणांत कळा आहेत की नाहीत, हा प्रश्नच गौण ठरतो. रक्ताचे धागे असलेला चिकट स्राव म्हणजे प्रसूती जवळ आल्याची नेहमीची खूण. पण पाळीसारखे रक्त जाऊ लागले, तर ती धोक्याची घंटा. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज हे वाढलेल्या रक्तदाबाचे इशारे असू शकतात आणि त्यातून झटके येऊ शकतात. ताप आला, तरी थांबू नये.

बाळाच्या हालचालीबद्दल एक समज फार पक्का आहे : दिवस भरले की बाळ शांत होते. तो चुकीचा आहे. हालचालीची तऱ्हा बदलू शकते, पण ती मंदावत नाही. नेहमीपेक्षा कमी वाटली, तर सकाळची वाट न पाहता तपासून घ्यावे.

पाणमोट फुटली तर?

दिवस भरलेल्या दहा जणींपैकी साधारण एकीची पाणमोट कळांच्या आधीच फुटते. बहुतेकींना पुढच्या २४ तासांत कळा सुरू होतात. तरी जंतुसंसर्गाचा धोका असल्याने कळांसाठी घरी थांबू नये. वेळ लिहून ठेवावी, स्वच्छ पॅड लावावे आणि पाण्याचा रंग पाहावा. हिरवट किंवा तपकिरी पाणी म्हणजे बाळाने आत शी केल्याची शक्यता. योनीमार्गातून नाळ बाहेर दिसली, तर ती आत ढकलू नये; बाईला गुडघे-कोपरांवर, कंबर वर राहील असे ठेवून तातडीने १०८ ला फोन करावा.

गाव दूर असेल तर?

पाच मिनिटांचा ठोकताळा रुग्णालय अर्ध्या तासावर असलेल्यांसाठी ठीक आहे. ज्यांना दोन तासांचा रस्ता कापायचा आहे, त्यांनी तो घड्याळातून आधीच वजा करायला हवा. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागचे तीन विलंब मांडले : निर्णय घेण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. पहिला विलंब अनेकदा ‘हे घरी आले की ठरवू’ या वाक्यात असतो. नवरा कामावर असेल, तर निघायचे कोणी ठरवायचे, हे आठव्या महिन्यातच ठरलेले बरे.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटतो. तिथे कळा सुरू झाल्यावर निघणे म्हणजे उशीरच. अशा आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ची सोय आहे, प्रसूतीच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहता येते. आशाताईंना विचारून त्याची चौकशी आधीच करून ठेवावी.

२०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि आहार मोफत आहे. घरून नेण्याचा आणि परत सोडण्याचाही खर्च नाही. त्यासाठी १०२ क्रमांक आहे. फोनवर आधी किती आठवडे झाले, कितवे बाळंतपण, कळा किती मिनिटांनी येतात, पाणी किंवा रक्त जाते आहे का, आणि घराजवळची खूण एवढे सांगावे. माता व बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, सोनोग्राफीचे कागद यांची पिशवी दाराशी हवी; तिच्यात बाळासाठी मऊ सुती कपडे आणि सोबतिणीचे जेवणही असू द्यावे.