श्वासाची वाट (लेखांक 7) : बरगड्यांमागचा पू

मागच्या आठवड्यात न्यूमोनिया पाहिला. औषध सुरू होऊन तीन दिवस झाले तरी ताप हटत नाही, कूस दुखते, खोल श्वास घेववत नाही. अशा वेळी डॉक्टरांना वेगळीच शंका येते : छातीत पाणी झालंय का? आणि ते पाणीच आहे, की पू?

फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्यामध्ये वंगणापुरता, जेमतेम चमचा-दोन चमचे द्रव. जंतू तिथे शिरले की हा द्रव वाढतो, गढूळतो आणि त्यात चिवट धाग्यांच्या भिंती उभ्या राहून मधाच्या पोळ्यासारखे कप्पे पडतात. शेवटी फुप्फुसावर जाड साल चढते आणि ते फुगेनासं होतं. पडद्यांमध्ये साठलेल्या या पुवालाच एम्पायमा म्हणतात. रक्तातून येणारं प्रतिजैविक या कप्प्यांत पुरेसं पोचत नाही, म्हणून पू बाहेर काढावाच लागतो.

हे हिपोक्रॅटिसच्या काळातल्या ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होतं. ते बरगड्यांमध्ये छेद देत. पण कधी आणि कसा काढायचा, हे कळायला 1918 उजाडावं लागलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करी छावण्यांत न्यूमोनियाची साथ आली आणि एम्पायमाचे सरासरी 30 टक्के रुग्ण दगावू लागले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगात एव्हार्ट्स ग्रॅहम हा तरुण शल्यचिकित्सक होता. त्याला दिसलं ते धक्कादायक होतं : घाईने छाती उघडणं हेच घातक ठरत होतं. पू अजून पातळ, फुप्फुस कुठेही चिकटलेलं नाही, अशा वेळी छेद दिला की बाहेरची हवा आत घुसे आणि आधीच धापा टाकणाऱ्या शिपायाचं फुप्फुस मिटून जाई. आधी सुईने किंवा बंद नळीने पू काढा, पोटभर खायला द्या, छाती उघडायचीच तर पू घट्ट झाल्यावर, असा नवा शिरस्ता पडला. मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास आलं, तेही पेनिसिलिन हाती यायच्या कितीतरी आधी!

आजही वॉर्डात खाटेखाली तीच युक्ती दिसते. नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, बाहेरची आत जात नाही. श्वासागणिक नळीतलं पाणी वरखाली झुलतं. झुलायचं थांबलं, तर नळी तुंबली का, हे परिचारिका आधी बघते.

निदानात सोनोग्राफीची बरोबरी नाही. द्रवातले पडदे ती सीटी स्कॅनपेक्षाही स्पष्ट दाखवते, आणि सुई कुठे घालायची तेही. सिरिंजमध्ये उघड पू आला तर प्रश्नच मिटला. नाही तर द्रवाची आम्लता मोजतात : पीएच 7.2 च्या खाली असेल तर नळी टाकावी लागते. नमुन्याला हवा लागली तर हा आकडा फसवतो. आपल्याकडे क्षयाची तपासणीही सोबत हवीच.

कप्पे पडले असतील तर? ब्रिटनमध्ये 210 रुग्णांवर झालेल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नळीतून दोन औषधं दिली : एक धागे विरघळवणारं, दुसरं पुवाचा चिकटपणा तोडणारं. एकेकट्याने फारसं साधलं नाही. जोडीने दिल्यावर शस्त्रक्रियेसाठी पाठवावं लागणारे 16 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आले. एवढ्यानेही भागलं नाही तर दुर्बिणीतून साल सोलून काढतात.

न्यूमोनियाचं औषध सुरू असून तीन दिवसांत ताप उतरणीला लागला नाही, तर आणखी एक प्रतिजैविक बदलून बघण्याआधी छातीची सोनोग्राफी करायची का, एवढं डॉक्टरांना नक्की विचारा.