वेष्टनावरचा हिरवा ठिपका

परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा पळत आला. "बाई, कॅडबरी खाऊ नका! तिच्यात जनावराचं काहीतरी असतं. काकांच्या मोबाइलवर आलंय!"

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली २००३ सालची. ऐन दिवाळीच्या तोंडावर मुंबईत डेअरी मिल्कच्या काही वड्यांत अळ्या निघाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने चौकशी सुरू केली. कंपनी म्हणाली, दुकानात माल नीट ठेवला जात नाही. आता नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात दुकानातल्या चॉकलेटचं काय होतं ते तुम्ही पाहताच, तेव्हा हे अगदीच खोटं नसेल. पण लोकांना पटेना. खप घसरला. मग २००४ च्या सुरुवातीला कंपनीने वेष्टनच बदललं. आत घट्ट चिकटवलेला चंदेरी कागद, वरून प्लॅस्टिकचं आवरण. अमिताभ बच्चन यांनी जाहिरातीत येऊन भरवसा दिला. गिऱ्हाईक परतलं. मला विचाराल तर अमिताभपेक्षा त्या कागदाचं काम मोठं!

दुसरी जुलै २०२१ ची. चॉकलेटात जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं, असं एक चित्र मोबाइलवर फिरू लागलं. ते निघालं ऑस्ट्रेलियातल्या मालाबद्दलचं! या वेळी बदलायला काही नव्हतंच. कंपनीने ट्विटरवर कळवलं, की भारतात बनणारा आमचा सगळा माल शाकाहारी आहे, वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहा.

मुलाने खिशातून चुरगळलेला कागद काढला. ठिपका होता.

"मग बाई, काकांना ते काल कसं आलं?"