हृदयाची लय, लेखांक ६ : स्वीडनमध्ये किती जणांची नाडी अनियमित?

एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाच्या लयीचा सर्वाधिक आढळणारा दीर्घकालीन बिघाड आहे. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, एका ठेक्यात आकुंचन न पावता नुसती थरथरत राहतात. खालच्या निलयांकडे जाणारे विद्युतसंकेत त्यामुळे वेळीअवेळी पोहोचतात आणि मनगटावरची नाडी कधी लवकर, कधी उशिरा लागते. थरथरणाऱ्या डाव्या अलिंदात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घ अभ्यासात या विकारामुळे पक्षाघाताचा धोका जवळपास पाचपट झालेला दिसला. रक्त गोठू न देणारी औषधे हा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी करतात. मात्र रुग्ण सापडल्याशिवाय औषध देता येत नाही. म्हणूनच देशात असे रुग्ण किती, हे माहीत असणे फार गरजेचे आहे.

हे मोजण्यासाठी स्वीडनइतका सोयीचा देश क्वचितच मिळेल. तेथे १९४७पासून प्रत्येक रहिवाशाला आयुष्यभरासाठी एकच वैयक्तिक क्रमांक मिळतो. रुग्णालयात दाखल झालेल्यांची नोंद १९८७पासून देशभर होते आणि २००१पासून तज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागातील भेटीही तीत येतात. एकच माणूस तीन रुग्णालयांत गेला तरी तो एकदाच मोजला जातो. या नोंदींवरून २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने प्रौढ लोकसंख्येतील एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण किमान २.९ टक्के ठरवले.

त्यातला ‘किमान’ हा शब्द सोडून चालणार नाही. ज्याचा विकार फक्त प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी ओळखला आणि तिथेच उपचार झाले, तो या राष्ट्रीय नोंदवहीत येतच नाही. ज्याला काहीच त्रास जाणवला नाही, तो तर कोणत्याच नोंदवहीत नसतो.

त्याआधी कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यविमा संस्थेच्या सुमारे १८.९ लाख प्रौढ सभासदांत हेच प्रमाण ०.९५ टक्के आढळले होते. याचा अर्थ स्वीडनमध्ये हा आजार तिपटीने जास्त, असा नव्हे. कॅलिफोर्नियात १९९६-९७मधील दीड वर्षातली निदाने मोजली गेली, स्वीडनमध्ये २००५ ते २०१० या अनेक वर्षांतली. शिवाय स्वीडनची लोकसंख्या वयाने मोठी आहे. वयाचा परिणाम किती जबरदस्त असतो, हे कॅलिफोर्नियाच्याच आकड्यांत दिसते: ५५ वर्षांखाली ०.१ टक्का, ८० वर्षांपुढे ९ टक्के. प्रत्येक वयोगटात पुरुषांत प्रमाण अधिक असते. पण स्त्रिया अधिक जगतात, त्यामुळे अतिवृद्धांत रुग्ण स्त्रियांची संख्या मोठी होते. संपूर्ण देशाची एकच टक्केवारी सांगताना हे सारे त्या एका आकड्यात दडून जाते.

नोंदीबाहेर किती जण राहतात, हे शोधण्याचे काम ‘स्ट्रोकस्टॉप’ या अभ्यासाने केले. स्टॉकहोम आणि हालांड या भागांतील ७५-७६ वर्षांच्या निम्म्या रहिवाशांना २०१२पासून तपासणीचे निमंत्रण गेले. आलेल्या सात हजारांहून अधिक व्यक्तींपैकी ९.३ टक्क्यांचा विकार आधीच माहीत होता. उरलेल्यांना हातात धरण्याचे छोटे ईसीजी यंत्र दिले गेले. दिवसातून दोनदा, दोन आठवडे, अंगठे टेकवून अर्ध्या मिनिटाची नोंद घ्यायची. त्यातून आणखी ३ टक्क्यांचे निदान झाले आणि एकूण प्रमाण १२.३ टक्क्यांवर गेले. नव्याने सापडलेल्या २१८ जणांपैकी पहिल्याच ईसीजीत सापडले ते केवळ ३७. बाकीच्यांत बिघाड येत-जात होता. दवाखान्यातील एका ईसीजीवर विसंबून ‘लय ठीक आहे’ म्हणणे किती अपुरे, हे यातून कळते. आणि हा आकडाही पूर्ण नाही, कारण निमंत्रितांपैकी जेमतेम निम्मेच आले. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतून आणि केंद्रापासून दूर राहणाऱ्यांतून प्रतिसाद कमी होता. न आलेल्यांची प्रकृती आलेल्यांपेक्षा वाईट होती. ज्यांना तपासणीची सर्वांत जास्त गरज, तेच मोजणीतून निसटले. तरीही सुमारे सात वर्षांनी निमंत्रित गटात पक्षाघात, गंभीर रक्तस्राव, मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण साधारण ४ टक्क्यांनी कमी दिसले. लाभ छोटा, पण खरा.

शेजारच्या डेन्मार्कमधील ‘लूप’ अभ्यासाने शोध आणखी ताणला. ७० ते ९० वयाच्या, उच्च रक्तदाब किंवा मधुमेहासारखी जोखीम असलेल्यांच्या छातीच्या त्वचेखाली सतत नोंद घेणारे यंत्र बसवले, तेव्हा ३१.८ टक्क्यांत हा विकार सापडला. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्या गटात १२.२ टक्क्यांत. येथे सहा मिनिटे टिकलेला झटकाही मोजला होता. पक्षाघात मात्र संख्याशास्त्रीय खात्रीने सांगता येईल इतके कमी झाले नाहीत. म्हणजे अल्पकाळ येऊन जाणारा प्रत्येक झटका वर्षानुवर्षे टिकून असलेल्या विकाराइतका धोकादायक धरता येत नाही. कोणताही आकडा वाचताना तो नोंदवहीतला, दोन आठवड्यांच्या तपासणीतला की त्वचेखालच्या यंत्रातला, हे आधी पाहावे लागते.

स्वीडनची टक्केवारी भारताला तशीच लावता येत नाही. तेथे हा प्रामुख्याने वार्धक्याचा आणि रक्तदाबाचा आजार आहे. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा निकामी झालेल्यांचा रुग्णांत मोठा वाटा असतो आणि त्यांतील अनेक जण तरुण असतात. पंचाहत्तरीच्या लोकांना बोलावणारी तपासणी त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. झडपांच्या या आजाराचा विचार पुढील लेखांकात.